मिळाल्याची पोच

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ता तुमच्यातली कोणी भाकरी थापत असेल, कोणी धार काढून घरात आली असेल, कोणी नुसतीच भिंतीला टेकून बसली असेल. जिथे असाल तिथूनच ऐका. हातातलं काम थांबवू नका. आजचा विषय काम करता करता ऐकण्यासारखाच आहे.

आम्ही बचत गटांचं काम बघतो. गावोगाव बैठकांना जातो, वह्या तपासतो. गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ असेल: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब लिहिणं. या पाचांत आम्हाला सगळ्यात जास्त बोलावं लागतं ते पाचव्या सूत्राबद्दल. पैसे वेळेवर जमतात, कर्जही फिरतं, पण लिहायचा कंटाळा. आणि नोंद राहिली की पुढच्या बैठकीला भांडण ठरलेलं. "मी शंभर रुपये दिले होते." "कुठे दिलेस? वहीत तर नाहीत." पैसे कुठे गेलेले नसतात, पेटीतच असतात. पण वहीत नाहीत म्हणून नसल्यासारखेच.

आपल्या मनाची वहीही अशीच असते. तिच्यात येणं मात्र चोख लिहिलेलं असतं. कोणाकडून काय मिळायचं राहिलं, कोण कधी काय बोललं, लग्नात कोणी हलकं लुगडं नेसवलं, वाटणीत बांध कुठे सरकला. सगळं तारीखवार. जे मिळालं ते मात्र पेटीत पडून राहतं, त्याची नोंदच होत नाही. आणि मग आपण म्हणतो, आपल्या नशिबी आनंद नाहीच.

आज आम्ही बोलणार आहोत ते या राहिलेल्या नोंदीबद्दल, म्हणजे रोज देवाचे आभार मानण्याबद्दल. आम्ही ख्रिस्ती घरात वाढलो, म्हणून आमच्या विश्वासातून जे समजलं ते सांगतो. पण आमच्या गटात बारा जणी आहेत. सात ख्रिस्ती घरांतल्या, बाकीच्या हिंदू आणि बौद्ध, एक मुसलमान. आमची बैठक सगळ्यांची असते. म्हणून ऐकताना कोणी परकं वाटून घेऊ नका. सकाळी जमिनीला पाय लावण्याआधी तिला हात जोडणारी आजी तुमच्याही घरात असेल, आणि पोळ्याला बैलाला आंघोळ घालून नैवेद्य भरवणारे हातही तुमचेच आहेत.

आमच्या चर्चमध्ये देवाचे आभार मानण्याला उपकारस्तुती म्हणतात. गटात हा शब्द पहिल्यांदा निघाला तेव्हा एक वहिनी पटकन म्हणाली, "उपकार नको बाई कोणाचे. घेतले की जन्मभर मान खाली." तिचं चूक नव्हतं. आपल्याकडे उपकार म्हणजे ओझं. माहेरच्यांनी मदत केली तर सासरी ऐकून घ्यायचं, सासरच्यांनी केली तर मरेपर्यंत ऐकून घ्यायचं. 'आभार' या शब्दातसुद्धा भार आहेच की.

पण ख्रिस्ती विश्वासात 'कृपा' असा एक शब्द आहे. तो समजला की हे ओझं उतरतं. कृपा म्हणजे आपली लायकी न बघता देवाने दिलेलं. ते कर्ज नव्हे. त्याला हप्ता नाही, व्याज नाही, जामीनदार लागत नाही, आणि थकलं म्हणून दारात वसुलीला कोणी येऊन बसत नाही. दर आठवड्याला कर्जाचा हप्ता भरणाऱ्या बाईला हा फरक आम्ही वेगळा समजवायला नको.

मग आभार कशासाठी मानायचे? फेडण्यासाठी नाहीच. आईने उन्हाळ्यात शेवया करून लेकीला पाठवल्या. लेकीने फोन केला, "आई, शेवया पोचल्या गं." आईला शेवयांचे पैसे नको असतात. पण पोचल्या एवढं कळलं की दोघींचा जीव निवतो. आभार म्हणजे हप्ता नव्हे, पोच आहे. देवा, तू पाठवलेलं मला पोचलं, एवढं सांगणं.

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. गावाबाहेर राहणारी, लांबूनच ओरडून बोलणारी माणसं. त्यांनी येशूला हाक मारली. येशूने त्यांना सांगितलं, जाऊन याजकांना अंग दाखवा. जाता जाता वाटेतच दहाही जण बरे झाले. त्यांतला एकच मागे फिरला, मोठ्याने देवाची स्तुती करत आला आणि येशूच्या पाया पडला. तो होता शोमरोनी, म्हणजे ज्यांना त्या काळी लोक आपल्यात धरत नसत त्यांच्यातला. येशूने विचारलं, बाकीचे नऊ कुठे आहेत?

लहानपणापासून ही गोष्ट ऐकताना आम्हाला वाटायचं, त्या नऊ जणांना शिक्षा व्हायला हवी होती. पण नीट वाचलं तर तसं काही होत नाही. नऊ जणांचा रोग परत आला असं लिहिलेलं नाही. ज्यांनी आभार मानले नाहीत त्यांचंही बरं होणं काढून घेतलं नाही. ही कृपा. फरक पडला तो त्या एकाला. नऊ जणांना बरं अंग मिळालं. या एकाला बरं अंग मिळालं आणि बरं करणाराही भेटला. आमच्या मते आभारातला आनंद इथे आहे. वस्तू तीच असते, पण देणाऱ्याचा हात दिसला की एकटेपण कमी होतं.

हे समजल्यावर आम्ही उत्साहाने ठरवलं की दर बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येकीने मागच्या बैठकीपासून मिळालेली एक गोष्ट सांगायची. पहिले काही महिने छान गेले. कोणी म्हणाली, शेळीला दोन करडं झाली. कोणी म्हणाली, पोरगी पहिल्यांदा एकटी एस. टी. ने तालुक्याला जाऊन आली. मुसलमान मावशी म्हणाल्या, गुडघा दुखायचा थांबला, नमाजाला बसता येतंय. हसत-खेळत चाललं होतं.

मग एके वर्षी एप्रिलमध्ये कांदा काढणीला आला आणि अवकाळी पाऊस झाला. आमच्या गटातल्या एका ताईचा काढलेला कांदा शेतातच भिजला. होता तसा पातीसकट उचलून वाळवला आणि चाळीत भरला, पुढे भाव येईल म्हणून. जुलैमध्ये चाळीला वास सुटला. वरून बरा दिसणारा कांदा हातात घेतला की बोटं आत जायची. गटाचं पंधरा हजारांचं कर्ज तिने त्याच कांद्यासाठी घेतलं होतं.

त्या महिन्याच्या बैठकीत तिची पाळी आली. ती म्हणाली, "मला काही मिळालं नाही. सगळं सडलं. कशाची पोच देऊ देवाला?"

आता आम्ही काय केलं ते प्रामाणिकपणे सांगतो, कारण ते सांगण्यासाठीच आज बोलायला बसलो आहोत. आम्ही तिला म्हणालो, "असं नको म्हणू ताई. खालच्या आळीत बघ, त्यांचं तर घराचं पत्रंसुद्धा उडालं. तुझं छप्पर तरी शाबूत आहे." आम्हाला वाटलं, आपण धीर दिला. ती काही बोलली नाही. बचतीचे पैसे ठेवून निघून गेली. पुढच्या दोन बैठकांना आली नाही. पैसे मुलाच्या हाती पाठवले.

आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या आक्का तेव्हा आम्हाला म्हणाल्या, "दुसऱ्याचं पत्रं उडालं याचा तिने आनंद मानायचा का गं?" आम्हाला उत्तर नव्हतं. शेजारणीचं दुःख मापाला लावून आपलं सुख मोजणं हे आभार नव्हेत. आपण रोज नकळत हेच करतो आणि त्याला समाधान म्हणतो.

त्या रात्री आम्ही रूथचं पुस्तक काढून वाचलं. छोटंसं पुस्तक आहे, बायाबायांचं. बेथलेहेममध्ये दुष्काळ पडला म्हणून नामी नावाची बाई नवरा आणि दोन मुलांना घेऊन मवाब देशात गेली. ऊसतोडीला किंवा कामाला घर सोडून जावं लागतं ते आपल्याकडच्या बायांना ठाऊक आहे. तिकडे तिचा नवरा मेला. पुढे दोन्ही मुलं मेली. नामी परत आली तेव्हा गावच्या बाया तिला बघायला जमल्या. ती त्यांना म्हणाली, मला आता नामी म्हणू नका, मारा म्हणा. नामी म्हणजे गोड, मारा म्हणजे कडू. भरल्या हाताने गेले होते, देवाने मला रिकाम्या हाताने आणलं.

ती हे बोलत होती तेव्हा तिची सून रूथ तिच्या शेजारीच उभी होती. तुला सोडून जाणार नाही, असं म्हणून सगळं माहेर मागे टाकून आलेली. आणि गावात त्याच वेळी सातूची कापणी सुरू झाली होती. नामीच्या वहीत दोन्हींची नोंद नव्हती. पण बघा, देव तिला रागावला नाही. शास्त्रात तिचं कडू बोलणं खोडलेलंही नाही, जसंच्या तसं ठेवलंय. रूथ शेतात सरवा वेचायला गेली, ओटीत धान्य घेऊन आली, दिवस पुढे गेले. पुस्तकाच्या शेवटी रूथला बाळ होतं, तेव्हा गावच्या बायाच नामीला सांगतात की ही सून तुला सात मुलांपेक्षा मोलाची आहे.

आम्ही हे आधीही वाचलं होतं. पण त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं की नामीला तिची जमा बाजू वाचून दाखवली ती शेजारणींनी. आणि तीही लगेच नाही. ती कडू बोलत होती तेव्हा त्यांनी तिला कडू बोलू दिलं. वेळ आल्यावर सांगितलं. बचत गटाचं काम याहून वेगळं काय असतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जणी त्या ताईच्या चाळीवर गेलो. देवाचं नाव काढलं नाही. पदर तोंडाला बांधला आणि कांदा निवडायला बसलो. सडलेला एकीकडे, बरा एकीकडे. वासाने डोकं उठत होतं. दुपारपर्यंत कोणी फार बोललं नाही. दुपारी तिने चहा केला तेव्हा ती रडली, आणि आम्हीही रडलो. निवडून निवडून चांगला निघाला तो थोडाच. गटाची खास बैठक घेऊन तिचा हप्ता तीन महिने पुढे ढकलण्याचा ठराव केला आणि वहीत लिहिला. कांदा काही परत आला नाही. मुलाची फी हप्त्याहप्त्याने भरावी लागली. ते खोटं गोड करून आम्ही सांगणार नाही.

यातून आम्हाला दोन गोष्टी समजल्या.

पहिली गोष्ट. रडणं आणि आभार मानणं एकमेकांच्या विरुद्ध नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा मित्र लाजर मरतो. त्याच्या बहिणी, मार्था आणि मरीया, दोघीही येशूला बोलून दाखवतात की तू इथे असतास तर भाऊ मेला नसता. येशू त्यांना गप्प करत नाही. मरीयेला रडताना बघून तो स्वतः रडतो. आणि मग त्याच कबरेपुढे उभा राहून बापाचे आभार मानतो. आधी आसवं, मग आभार, जागा एकच. आम्ही त्या ताईकडे आसवं गाळायच्या आधीच आभार मागितले होते. तिथेच चुकलो.

दुसरी गोष्ट. प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं की परिस्थिती कशीही असो, तिच्यात राहून आभार माना. 'तिच्यात राहून' आणि 'तिच्याबद्दल' यांत फरक आहे. कांदा सडल्याबद्दल आभार मानायचे नाहीत. कांदा सडलेला असताना जे उरलं, जे कोणी धावून आलं, जो देव सोडून गेला नाही, त्याबद्दल मानायचे. फिलिप्पैच्या मंडळीला आनंद करा असं लिहिणारा पौल स्वतः कैदेत होता, आणि त्या पत्रात तो त्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीची पोचही देतो. हबक्कूक संदेष्टा तर शेतकऱ्यासारखाच बोलतो: अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, शेतात धान्य नाही, गोठ्यात जनावर नाही, तरी मी देवाच्या ठायी आनंद करीन. आधी तो काय काय नाही याची पुरती यादी देतो. तूट लपवत नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. आभार माना असं बाईला सांगणं सोपं असतं, आणि पुष्कळदा ते तिला गप्प बसवण्यासाठी सांगितलं जातं. नवरा दारू पिऊन मारतो, तरी "कुंकवाला धनी आहे ना, देवाचे आभार मान." मजुरी पुरुषाला जास्त आणि बाईला कमी, तरी "काम मिळतंय ना." बहिणींनो, मार ही देवाची देणगी नव्हे. अन्याय ही कृपा नव्हे. त्याची पोच द्यायची नसते, त्याची तक्रार द्यायची असते. महिला मदत क्रमांक १८१ आहे, तातडीच्या वेळी ११२ आहे. घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ साली झालेला आहे. आभार मानणारी बाई दुबळी नसते. आपल्याला काय मिळालंय हे जिला नेमकं कळतं, तिला आपलं काय हिरावलं जातंय तेही नेमकं कळतं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातल्या केडगावला त्यांचं मुक्ती मिशन आजही आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. तरुणपणीच दुष्काळाच्या दिवसांत वडील, आई आणि बहीण गेली. भावाबरोबर त्या पायी देशभर फिरल्या, तो भाऊ १८८० मध्ये गेला. १८८२ मध्ये नवरा गेला, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये विधवा मुलींच्या शिक्षणासाठी मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६-९७ चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, बायांना घेऊन आल्या. भूक काय असते हे त्यांनी स्वतः सोसलेलं होतं. १९०७ साली त्यांनी आपल्या जीवनाची साक्ष लिहिली. इंग्रजीत तिला नाव दिलं त्याचा अर्थ होतो, आपला न संपणारा ठेवा. ज्या बाईचं जवळजवळ सगळं माणूस गेलं, तिने हे नाव दिलं. आणि तो ठेवा कवटाळून त्या बसल्या नाहीत, शेकडो मुलींच्या ताटात वाढला. आभार खरे असले की ते हातात उतरतात.

आता रोज हे करायचं कसं, ते सांगतो. खर्च काही नाही.

एक, वेळ कामाला बांधा. वेगळा वेळ काढू म्हटलं तर बाईला तो कधीच मिळत नाही. चूल पेटवताना, गॅस लावताना, हापशावर हंडा भरताना, रात्री दाराची कडी लावताना, यातलं एक काम ठरवा. ते काम आणि आभार एकत्र. आमच्या आक्का भाकरी उलटताना एकेक नाव घेतात. जितक्या भाकरी तितके आभार.

दोन, मोघम बोलू नका. "देवा, सगळ्यासाठी तुझे आभार" याने मन हलत नाही. गटाच्या वहीत आपण 'बरेच पैसे जमले' असं लिहितो का? नाव आणि रक्कम लिहितो. तसंच म्हणा, आज जाऊबाईने न सांगता माझी कपडे वाळत घातली. आज विहिरीला दुपारपर्यंत पाणी पुरलं. तीन गोष्टी पुरेत, पण आजच्या हव्यात.

तीन, लिहिता येत नसेल तर चिंचोके घ्या. एक रिकामी वाटी खिडकीत ठेवा, एका उपकाराला एक चिंचोका. महिन्याने वाटी घरातल्या पोरांसमोर ओता आणि आठवेल तेवढं सांगा. पोरं आपोआप शिकतात.

चार, ज्या दिवशी काहीच सुचणार नाही त्या दिवशी देवाला तेच सांगा. आज वही कोरी आहे. आज मी मारा आहे. स्तोत्रसंहितेत रडगाऱ्हाण्याची स्तोत्रं पुष्कळ आहेत. देवाला ती ऐकायची सवय आहे. आणि त्या दिवशी मैत्रिणीला हाक मारा, तुमची जमा बाजू ती वाचेल.

पाच, माणसांनाही पोच द्या. देवाचा हात बहुतेक वेळा कोणाच्या तरी हाताच्या रूपानेच येतो. सासूला, सुनेला, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईला, आशाताईला एकदा तोंडाने सांगा. नवऱ्यालासुद्धा. एक वहिनी म्हणाली, मी म्हटलं तर ते घाबरले, विचारलं, काय हवंय तुला?

हे केल्याने दुःख जातं का? नाही जात. पण आनंद दुःख संपायची वाट बघत बाहेर उभा राहत नाही, एवढं आम्ही अनुभवाने सांगू शकतो. येशूने पकडून नेण्याच्या रात्री शिष्यांबरोबर जेवताना भाकर हाती घेतली आणि आधी आभार मानले. पुढे काय होणार ते त्याला ठाऊक होतं. आम्ही ज्या प्रभुभोजनाला बसतो त्याची सुरुवात त्या आभारांतून झाली.

शेवटी त्या ताईचं सांगतो. आमच्या चर्चमध्ये दिवाळीनंतर हंगामाची उपकारस्तुती असते. त्या रविवारी प्रत्येक घर आपल्या शेतातलं, परसातलं काहीतरी घेऊन येतं. बाजरीची कणसं, भोपळा, अंडी, एखादी कोंबडी. वेदीपुढे ठेवतात, प्रार्थना होते, आणि मग त्याचा लिलाव होऊन पैसे मंडळीच्या कामाला जातात. त्या वर्षी ताई येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. ती आली. तिच्या पिशवीत सात कांदे होते. पुसून लख्ख केलेले. ते ठेवताना तिने आमच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तुम्ही निवडलेले आहेत."

लिलावात ते सात कांदे गटातल्या बायांनी मिळून घेतले. किंमत सांगत नाही, बाजारभावाशी तिचा काही मेळ बसणार नाही. त्या संध्याकाळी आमच्यातल्या प्रत्येकीच्या घरी कालवणात त्यातला थोडा थोडा कांदा होता. पुढच्या बैठकीत ताईची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "त्या दिवशी पाच जणी चाळीवर आल्या होत्या. नोंद राहिली होती, आज लिहा."

आम्ही ती वहीत लिहिली. हिशेबाच्या पानावर नाही, शेवटच्या कोऱ्या पानावर.

तुमच्याही वहीला शेवटी एखादं कोरं पान असेलच. पुढच्या बैठकीला ते उघडा. देव तुमचं भलं करो. नमस्कार.